बाबांचं .३२ माझ्या नावावर झालं त्याची गोष्ट

बाबांकडे कानपूरच्या आयुध निर्माणीचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे. निवडणूक लागली की ते पोलीस ठाण्यात जमा करायचं आणि निकालानंतर पावती दाखवून परत आणायचं, हे मी कोथरूडच्या घरात लहानपणापासून पाहत आलोय. आता त्यांचा हात थरथरतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे राहिलं, तर हयातीतच वारसाच्या नावानं अर्ज करता येतो. "माझ्या डोळ्यांदेखत कर," बाबा म्हणाले.

माझ्या मनात आणखी एक गोष्ट होती. माझी सगळी नोकरी टूलरूममध्ये गेली. अमेरिकेतले कारागीर सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर, म्हणजे दर वेळी घोडा अंगठ्यानं मागे ओढावा लागतो ते, घेऊन त्यात कितीतरी दणकट काडतूस बसवतात, हे मी वर्षानुवर्षं वाचत आलो होतो. आपल्या .३२ चं असं काही होईल का?

कॅम्पातल्या एका परवानाधारक शस्त्रदुरुस्ती करणाऱ्यांना बाबांनी ते दाखवलं. त्यांनी आधी सहाही चेंबर, म्हणजे काडतुसं बसायची भोकं, उजेडाला धरले, रिकामे असल्याची खात्री केली आणि मगच बोलायला लागले. आमचं रिव्हॉल्व्हर मधोमध मोडून उघडतं. बिजागरी खाली, वर एक खिट्टी. "साहेब, सगळा मार हिच्यावर येतो," त्यांनी खिट्टीवर नख टेकवलं. अमेरिकन सिंगल अ‍ॅक्शनची चौकट अखंड असते, काडतुसं बाजूच्या छोट्या दारातून एकेक करून भरतात. पहिला फरक तिथेच.

दुसरा फरक चेंबरच्या भिंतीचा. आमच्या रिव्हॉल्व्हरच्या .३२ लाँग काडतुसाचा कमाल दाब १५,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) धरतात, तर .३२७ फेडरल मॅग्नम या दणकट काडतुसाचा ४५,०००. तिप्पट! एवढा दाब पेलायला चेंबरभोवती पोलाद लागतं, आणि आहे त्या सिलिंडरमध्ये, म्हणजे चेंबर असलेल्या फिरत्या भागात, ते आणणार कुठून? जॉन लाइनबॉ यांच्यासारख्या अमेरिकन कारागिरांनी .५०० चं काडतूस बसवताना सहाऐवजी पाच चेंबरचा नवा सिलिंडर घातला, तो याचसाठी. पाच केले की भिंती जाड होतात. शिवाय सिलिंडर जागेवर धरणारी बाहेरची खाच सहा चेंबरमध्ये नेमकी चेंबरच्या डोक्यावर, सगळ्यात पातळ जागी येते. पाचमध्ये ती दोन चेंबरांच्या मधे सरकते. हे कळलं तेव्हा मला खरंच आनंद झाला. इतकं साधं आणि इतकं चोख इंजिनिअरिंग क्वचित बघायला मिळतं. १९३५ साली .३५७ मॅग्नम हे जास्त दाबाचं काडतूस आलं तेव्हा त्याचं कवच आधीच्या .३८ स्पेशल काडतुसापेक्षा सुमारे ३ मिलिमीटर लांब ठेवलं होतं, जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये ते बसू नये म्हणून. पूर्वीच्या लोकांनी हा विचार करून ठेवलाय.

आणि कायदा तर स्पष्टच आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ चं कलम ५ त्यासाठीच्या वेगळ्या परवान्याशिवाय शस्त्रात फेरबदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षं कैद, जास्तीत जास्त जन्मठेप. माझ्याकडे लेथ आहे म्हणून मला अधिकार मिळत नाही, आणि मिळू नयेच असं माझं ठाम मत आहे.

मग उरले कागद. ऑनलाइन अर्ज, त्याची प्रत आयुक्तालयाच्या परवाना शाखेत, वैद्यकीय दाखला, नागपूरच्या ताईचं ना हरकत प्रतिज्ञापत्र. ठाण्यातून हवालदार आले, शेजारच्या जोशीकाकूंशी बोलले, आणि शस्त्र ठेवायचं कपाट भिंतीला बोल्टनं पक्कं केलंय का ते दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षणही लागतं. ते उरकून टाकू नका. नळी कुठल्या दिशेला आहे याचं भान आणि चापावर बोट न ठेवणं, या दोन सवयी मला तिथे लागल्या.

परवाना आला. आता मुदत पाच वर्षांची असते, पूर्वी तीन होती. काडतूस तेच, .३२ लाँग. तुमच्याकडे असं वारसाचं काम निघणार असेल तर भावंडांचं प्रतिज्ञापत्र सगळ्यात आधी करून घ्या. आमचं काम त्याच्यासाठीच सर्वांत जास्त खोळंबलं.