मागून रंगवायची पाटी

फर्म कधी सुरू झाली असं कुणी विचारलं की मी अडखळतो. जीएसटीच्या कागदावर एक तारीख आहे. पण अण्णांनी गिरगावातल्या चाळीत जिन्याखाली ऑइलपेंटचे डबे मांडले तो दिवस वेगळा, आणि तो कुणी लिहून ठेवला नाही. मी तोच धरतो.

अण्णा पेंटर. निवडणुकीच्या भिंती रंगवल्या, मंडळांचे बोर्ड लिहिले, पण घर चाललं ते काचेच्या पाट्यांवर. डॉक्टर, वकील, शिंपी, कधी एखादं इराण्याचं हॉटेल. काचेची पाटी मागून रंगवतात. अक्षरं आरशात दिसतात तशी उलटी लिहायची आणि क्रमही उलटा ठेवायचा. एरवी अक्षरावर जी चमक शेवटी टेकवायची ती इथे सगळ्यात आधी, मग सावली, मग अक्षराचं अंग, आणि पाठचा काळा रंग सगळ्यात शेवटी. पहिला थर चुकला तर वरून झाकायची सोय नाही. ब्लेड घ्यायचं आणि पुन्हा सुरू. मला लहानपणी 'श्र' उलटा झकास काढता यायचा, सुलटा बिघडायचा. बाईंनी वहीत लाल शेरा मारला तेव्हा अण्णा पोट धरून हसले होते.

पुढे रेडियम आलं, मागोमाग फ्लेक्स. अक्षरांचा भाव जाऊन चौरस फुटाचा भाव आला. अण्णांनी त्या मशीनकडे ढुंकून पाहिलं नाही. मी पाहिलं, कर्ज काढलं आणि लेसर कटर आणला. पहिल्याच वर्षी एका गिऱ्हाइकाची शीट न तपासता मशीनवर चढवली. ती निघाली पीव्हीसीची. कापताना डोळ्यांत पाणी आणणारा धूर झाला आणि आठवडाभरात मशीनच्या रेल गंजल्या. क्लोरीनचा प्रताप. तेव्हापासून अनोळखी शीटचा तुकडा आधी तांब्याच्या तापलेल्या तारेला लावून ज्योतीत धरतो. ज्योत हिरवी झाली म्हणजे क्लोरीन, शीट परत.

चित्रकार आमच्याकडे आले ते अ‍ॅक्रिलिकच्या पारदर्शक शीटमुळे. एका गॅलरीला बारा पारदर्शक पेट्या हव्या होत्या. कापल्या, जोडल्या, रात्री दहाला शेवटचा हात म्हणून स्पिरिटने पुसल्या. सकाळी प्रत्येक कडेला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा! लेसरच्या उष्णतेने कडेला ताण राहतो आणि स्पिरिट लागलं की तो असा फुटून बाहेर येतो, हे मला ठाऊक नव्हतं. बाराच्या बारा पेट्या पदरच्या पैशाने पुन्हा केल्या. आता कापलेले तुकडे ऐंशी अंशांच्या आसपास काही तास भट्टीत ठेवून सावकाश थंड करतो, आणि पुसायला साबणाचं पाणी. गॅलरीचे पैसे तीन महिन्यांनी येतात, दाराच्या पाटीचे रोख मिळतात. म्हणून पाट्यांचं काम मी कधी सोडलं नाही, सोडणारही नाही.

स्वतःचं काहीतरी करावंसं वाटलं ते २०१४ साली. कामासाठी दिल्लीला गेलो होतो. किरण नाडर कलासंग्रहालयात चित्रकार नलिनी मलानी यांच्या आजवरच्या कामाचं मोठं प्रदर्शन चालू होतं. पारदर्शक शीटवर मागून रंगवलेल्या चित्रांपुढे उभा राहिलो आणि माझा हात आपोआप हवेत थर मोजायला लागला: हा आधी, तो नंतर. अण्णांचंच तंत्र! मग मिळेल ते वाचून काढलं. जन्म १९४६चा, कराचीचा. फाळणीत घर सुटलं, पुढे जे.जे.मध्ये चित्रकला शिकल्या. १९६९मध्ये चित्रकार अकबर पदमसींच्या कार्यशाळेत फोटो आणि फिल्मचे प्रयोग. १९९२ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीच्या भिंतींवर चित्रं काढली, ती प्रदर्शनानंतर पुसली गेली. मग नाटकवाल्यांबरोबर काम, व्हिडिओ, आणि २०१२ला जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा या कलाप्रदर्शनात मायलरची, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ फिल्मची, पाच फिरती नळकांडी, मागून रंगवलेली, ज्यांच्या सावल्या भिंतींवर व्हिडिओत मिसळत होत्या. उतारवयात आयपॅडवर बोटाने अ‍ॅनिमेशन. २०२३चा जपानचा क्योटो पुरस्कार मिळाला तेव्हा दुकानात पेढे वाटले. नातं काही नाही, पण वाटले. मुख्य म्हणजे, होल्डर आणि वायर आणायला मी ज्या लोहार चाळीत जातो, तिथेच त्यांचा स्टुडिओ होता. किती वेळा त्या दारावरून गेलो असेन.

त्यांच्या कामाबद्दल लिहिताना जाणकार दर वेळी नव्या माध्यमाचं कौतुक करतात. मी कारागीर, मला दिसतं ते हे की मागून रंगवणं त्यांनी हाती घेतलं आणि पुढे कितीही माध्यमं आली तरी टाकलं नाही. तेच उचलून व्हिडिओत नेलं.

दोन वर्षांपूर्वी आमची चाळ पुनर्विकासाला गेली. लोक जाताना दाराच्या काचेच्या पाट्या कोपऱ्यात टाकून गेले, बहुतेक अण्णांच्या हातच्या. मी एकेक गोळा केली. पाठचा काळा रंग ब्लेडने खरवडून काढला. टर्पेंटाइनचा बोळा फिरवायचा, थांबायचं, मग खरवडायचं. अक्षरं तेवढी ठेवली. एका पाटीला चार-चार दिवस लागले. कामगार म्हणाला, शेठ, यात नवीन दहा झाल्या असत्या. खरंच होतं.

गणपतीच्या हलत्या देखाव्यांना लावतात ती गिअरची मोटर आणली, मिनिटाला दोन फेरे घेणारी. लोखंडी कड्याला नऊ पाट्या टांगल्या, रंगवलेली बाजू आत, मध्ये एक उघडा दिवा. अजून कुठल्या गॅलरीत लावलेलं नाही, गाळ्यातच आहे. शटर ओढून अण्णांना खुर्चीवर बसवलं आणि बटण दाबलं.

पाट्यांवरची नावं सुलटी वाचता येत होती. भिंतींवर त्यांच्या सावल्या सरकत होत्या, त्या मात्र सगळ्या उलट्या. पाटी लिहिताना अण्णांना जशा दिसल्या असतील तशाच. आता त्यांना नजरेचा त्रास आहे, समोरच्या पाट्या वाचता येत नाहीत. भिंतीवरची मोठी, उलटी अक्षरं त्यांनी एकामागून एक सरळ वाचून दाखवली. पाचव्या पाटीला थांबले आणि म्हणाले, "ह्याचा काना वाकडा गेलाय. तेव्हाच सांगितलं होतं त्याला, दोन दिवस थांब म्हणून."