स्वारगेट-डेक्कनला अडलेल्या दोन व्हॅन

मागच्या नोंदीपर्यंत माझ्या पुण्यातल्या व्हॅन (संगणकातल्याच, अर्थात; प्रवाशांच्या मागण्यांनुसार त्यांचे मार्ग आखणारा प्रोग्रॅम लिहितोय) प्रवाशाला उचलून थेट मुक्कामी सोडायच्या. आता मधे गाडी बदलायची सोय घातलीय. नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, प्रवासाच्या वेळा ओएसआरएम या मार्ग शोधणाऱ्या प्रणालीच्या. त्याला संध्याकाळचा कर्वे रोड ठाऊक नाही, म्हणून गर्दीच्या तासांना वरून गुणक लावतो.

थेट प्रवासात प्रत्येक गाडीचं वेळापत्रक तिच्यापुरतं असतं. नवी मागणी मधे घुसवली तर पुढच्या थांब्यांना किती उशीर खपेल, हे संशोधक सॅव्हल्सबर्ग यांच्या १९९२ च्या 'फॉरवर्ड टाइम स्लॅक'ने, म्हणजे वेळेतल्या ढिलीने, झटकन कळतं. गाडीबदल आला की कात्रजच्या व्हॅनचा उशीर तिच्या प्रवाशासाठी थांबलेल्या खराडीच्या व्हॅनला लागतो, तिचा तिसरीला. मासों, लेह्युएदे आणि पेतों यांनी २०१३ मध्ये हीच ढील सगळ्या गाड्यांच्या एकत्र आलेखावर (कोणता थांबा कोणाच्या आधी, हे बाणांनी दाखवणाऱ्या जाळ्यावर) मोजून ठेवायची रीत दाखवली. सध्या तीच वापरतोय.

डोकं खाल्लं ते वर्तुळांनी. पहिली व्हॅन स्वारगेट करून डेक्कनला जाणार, दुसरी डेक्कन करून स्वारगेटला. पहिलीने स्वारगेटला घ्यायचा प्रवासी दुसरीत बसलाय, आणि दुसरीने डेक्कनला घ्यायचा प्रवासी पहिलीत. दोघी आपापल्या जागी इंडिकेटर लावून उभ्या, कायमच्या. एकेकीचा मार्ग सुटा तपासला तर दोन्ही बिनचूक! म्हणून वेळा मोजण्याआधीच आलेखात वर्तुळ होतंय का ते बघतो. झालं तर तो पर्याय बाद.

बदलाच्या जागा मी हातानेच निवडल्यात. नकाशावर नळ स्टॉप फार सोयीचा दिसतो, पण संध्याकाळी तिथे दोन व्हॅन उभ्या करून दाखवा! शिवाय प्रत्येक बदलाला दंडाची मिनिटं लावलीत. गुडघेदुखीच्या आजींना भर पावसात एका गाडीतून दुसरीत चढवून चार मिनिटं वाचवण्यात काय हशील? दंड लावल्यापासून कोथरूड-डेक्कनसारख्या जवळच्या मागण्यांत बदल जवळपास येतच नाही, वारजे-हडपसरसारख्यांत मात्र टिकतो.

पुढे सिव्हिल कोर्टला मेट्रो जोडायचीय. जांभळी आणि अ‍ॅक्वा मार्गिका तिथेच भेटतात. मेट्रो कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे एका व्हॅनचा उशीर तिच्यामार्फत दुसऱ्या गाड्यांना लागणार नाही. मात्र एक मेट्रो हुकली की पुढचीपर्यंतचा वेळ प्रवाशाच्या कमाल प्रवासवेळेत बसवावा लागेल. आधी तेवढंच लिहून बघतो.