पाणी आणि आम्ही

पंढरपूर मी आधी तीनदा पाहिलं होतं, तिन्ही वेळा एसटीने. स्टँड, रांग, दर्शन, चुरमुऱ्यांची पुडी आणि परतीची गाडी. गाव कळलं ते यंदा, माउलींच्या पालखीसोबत आळंदीहून चालत गेले तेव्हा.

नीरेच्या काठी पादुकांना स्नान घातलं, त्या गर्दीत आमच्या दिंडीतली एक वयस्क बाई म्हणाली, "हे पाणी आपल्याआधी पंढरीला पोचतंय बघ." तोवर माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आळंदीची इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. पुण्याची मुळा-मुठाही भीमेलाच. सासवड-जेजुरीकडची कऱ्हा नीरेत जाते आणि नीरा नरसिंहपूरला भीमेत. म्हणजे वाटेतली प्रत्येक नदी पंढरपूरलाच निघालेली! त्यानंतर ओढा दिसला तरी मी हात जोडायचे.

फलटण, नातेपुते, माळशिरस भरभर मागे पडली. वेळापूरच्या अलीकडे उतारावर धावा झाला. तुकोबांना इथून कळस दिसला नि ते धावत सुटले, असं सांगतात. कळस मला दिसला नाही, पण टाचेला फोड असूनही मी धावले.

भंडीशेगावात एका घरी आजींनी गरम पाण्याची पाटी पुढे सरकवली. "माउली, पाय सोडा. मीठ टाकलंय." फोडाला मीठ झोंबलं तसा जीव कळवळला. त्यांनी स्वतःच्या पदराने माझे पाय पुसले, मला नको म्हणता आलं नाही. मग म्हणाल्या, "नदीला पाणी हाय औंदा. उजनीतनं सोडलंय." या भागात पंढरपूरची चौकशी नदीपासूनच सुरू होते. वाखरीतही पाणी भरणाऱ्या पोरांच्या तोंडी तेच.

एकादशीला गाभाऱ्यापर्यंत पोचले नाही. नामदेव पायरीवर डोकं ठेवलं, समोर चोखोबांच्या समाधीपाशी थांबले. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून गेलेला हा माणूस महाद्वारासमोर आहे, हे बसने येऊन मला कधी दिसलंच नव्हतं. गर्दीबरोबर पुढे सरकायचे, एवढंच.

पौर्णिमेपर्यंत राहिले. गोपाळपूरचा काला घेऊन संध्याकाळी परतले आणि पुंडलिकाच्या देवळाजवळ वाळवंटात बसले. भीमा इथे चंद्रकोरीसारखी वळते म्हणून ती चंद्रभागा. पाणी गढूळ, मातकट होतं. त्यात पाय सोडले. फोड सुकला होता.