दिघी ते केळशी: सायकलवर सामान कुठे बांधायचं?

आगरदांड्याच्या जेट्टीवर फेरीबोटीची वाट बघताना मी आणि माझ्या मित्राने सायकली आपापसांत बदलल्या. सामान दोघांकडे सारखंच, साधारण 18 किलो: तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह, तांदूळ-डाळ, पाणी. मांडणी मात्र अगदी वेगळी. त्याचं सगळं ओझं मागच्या कॅरियरवर, दोन्ही बाजूंना पॅनियर, म्हणजे कॅरियरला अडकवायच्या पिशव्या, आणि वर आडवा तंबू. माझ्या सायकलच्या फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याला, खाली बसणारा कॅरियर आहे. त्यावरच्या दोन लहान पिशव्यांत सात-आठ किलो, बाकीचं मागे.

खाडी ओलांडून दिघीहून बोर्लीकडे निघालो आणि चढावर त्याच्या सायकलचा स्वभाव कळला. सगळ्यात हलक्या गिअरवर वेग ताशी 5-6 किलोमीटरवर येतो. एवढ्या कमी वेगात सायकल तोलायची ती हँडलच्या बारीक हालचालींनीच, आणि नेमकं तेव्हाच पुढचं चाक हलकं पडलेलं. प्रत्येक पायडलसरशी ते इकडेतिकडे भरकटत होतं. उभं राहून पायडल मारावं, तर वरचा तंबू एका बाजूला कलायचा आणि मी सावरल्यावर मागाहून परत यायचा. कोकणातले चढ लांब नसतात, पण उभे असतात. तिथे हे फार दमवतं.

उतारावर तर मी धास्तावलो. वेग वाढला तसं हँडल थरथरायला लागलं. मागचं उंच ओझं आणि पुढचं हलकं चाक यांच्या मध्ये फ्रेमला पीळ बसतो आणि ती थरथर वाढत जाते. अशा वेळी हँडल आवळून धरू नये. दोन्ही गुडघे फ्रेमच्या वरच्या नळीला चिकटवावेत आणि हळूहळू ब्रेक लावावा. मी तेच केलं, सायकल शांत झाली.

दिवेआगरला एका वाडीत पोफळींच्या कडेला तंबू लावायला परवानगी मिळाली. घरच्या काकू चहा घेऊन आल्या. "एवढं ओझं घेऊन फिरता होय रे? जेवणार ना आमच्याकडे?" स्टोव्ह बाहेर काढावाच लागला नाही. रात्री टॉर्चच्या उजेडात मित्राच्या पिशव्या रिकाम्या करून पुन्हा भरल्या.

तांदूळ, हत्यारं, स्टोव्हचं इंधन पॅनियरच्या तळाशी, पुढच्या कोपऱ्यात. पाण्याच्या बाटल्या फ्रेमवर, कारण एक लिटर म्हणजे पुरता एक किलो. वर फक्त स्लीपिंग बॅग आणि कपडे. तंबूच्या काठ्या वेगळ्या करून वरच्या नळीला बांधल्या. दूधवाल्यांच्या किटल्या मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना खाली लटकतात, तेच गणित. शेवटी पॅनियर इंचभर पुढे सरकवले. टाच लागू नये म्हणून लोक ते मागे ढकलतात, पण वजन मागच्या चाकाच्या आसाच्या पलीकडे गेलं की पुढचं चाक उचलल्यासारखं होतं. टाच जेमतेम सुटेल एवढीच जागा ठेवावी.

दुसऱ्या दिवशी भरडखोल, शेखाडी, आरावी असा समुद्राला चिकटलेला रस्ता होता. हा रस्ता सायकलनेच करावा असं मला मनापासून वाटतं. आता आम्ही आपापल्या सायकलींवर होतो. मित्र चढावर सरळ रेषेत जात होता, तेही गप्पा मारत. पुढे सामान असलेल्या माझ्या सायकलचं हँडल जड लागतं, वळण थोडं आधीपासून घ्यावं लागतं. दुपारचा समुद्रवारा उजवीकडून पुढच्या पिशव्यांवर आदळला की हँडल ओढलं जातं. वाळूत तर पुढचं चाक रुततंच. तरीही दिवसभराच्या चढ-उतारांसाठी मी हीच मांडणी निवडेन. मात्र पुढच्या दोन्ही पिशव्यांचं वजन सारखं हवं. अर्ध्या किलोचा फरकसुद्धा हँडलला कळतो.

हरिहरेश्वर, बागमांडल्याची फेरीबोट, वेश्वी करत केळशीला पोचलो, तेव्हा मित्राने पुढच्या कॅरियरचा विषय काढला. त्याच्या फोर्कला सस्पेन्शन आहे, स्क्रूची भोकं नाहीत. क्लॅम्पने बसणारे कॅरियर मिळतात, पण ते फोर्कच्या खालच्या नळ्यांवरच बसवायचे, नाहीतर सस्पेन्शन अडकतं. शिवाय कंपनीने किती वजन चालतं म्हटलंय ते आधी बघायचं. दापोलीत सायकलचं दुकान गाठून तो फोर्क मोजून घेणार आहे.