इऑन म्हणजे नक्की किती वर्षं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, कारण मी भाषांतरं करते म्हटलं की हा प्रश्न हमखास येतोच: इऑन (eon, म्हणजे काळाचा खूप मोठा टप्पा) म्हणजे किती वर्षं, आणि मराठीत युग लिहिलं तर चालेल का?

दशक म्हटलं की दहा, शतक म्हटलं की शंभर, तसा इऑनचा आकडा ठरलेला नाहीये. काही जण शंभर कोटी वर्षांना इऑन म्हणतात, पण भूविज्ञानात तो हिशोब चालत नाही. तिथे पृथ्वीच्या साधारण ४६० कोटी वर्षांचे फक्त चार इऑन केलेत: हेडियन, आर्कियन, प्रोटेरोझोइक आणि आत्ता चालू असलेला फॅनेरोझोइक. हेडियन साधारण ६० कोटी वर्षांचा, प्रोटेरोझोइक तब्बल १९६ कोटींच्या आसपास आणि आपला सुरू होऊन जेमतेम ५४ कोटी वर्षं झालीत. म्हणजे एकसारखे तुकडे पाडलेच नाहीत, पृथ्वीवर मोठे बदल कधी झाले ते साधारण बघून रेघ मारलीये. मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे फॅनेरोझोइकची सुरुवात, कॅनडात न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर एक कडा आहे, तिथल्या खडकात कुठल्याशा किड्यासारख्या प्राण्याने समुद्रतळाच्या गाळात केलेल्या बिळांचे ठसे आहेत, ते जिथून दिसायला लागतात तिथे रेघ मारली, १९९२ साली. एवढ्या अवाढव्य काळाची खूण काय, तर कुणीतरी चिखल उकरत गेलं त्याची वाट!

आता युगाचं. इऑनच्या पोटात इरा, इराच्या पोटात पिरियड, मग इपॉक, मग एज अशी उतरंड आहे. मराठीत इराला महाकल्प आणि पिरियडला कल्प म्हणतात, आणि युग आपण पाषाणयुगापासून संगणक युगापर्यंत कशालाही लावतो. त्यामुळे विज्ञानाच्या मजकुरात मी सरळ इऑनच ठेवते, उगाच युग लिहून वाचणाऱ्याचा गोंधळ नको.

बोलण्यातला इऑन मात्र वेगळा. ‘हॅवन्ट सीन यू इन इऑन्स’ असं कुणी म्हटलं तर तिथे वर्षं मोजायची नसतात, ‘अगं किती दिवसांनी!’ एवढंच पुरतं, फार तर ‘युगं लोटली’ म्हणा, तिथे ते शोभतं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थसुद्धा आधी आयुष्यभराचा काळ असाच होता, अनंतकाळ वगैरे नंतर आलं.

आणि हो, ब्रिटिश स्पेलिंगमध्ये सुरुवातीला एक जादा ए असतो (aeon), तोही बरोबरच आहे, खोडू नका.