फुली

रंगमंचावर नटाने कुठे उभं राहायचं हे सांगणारी चिकटपट्टीची फुली जेमतेम दोन इंचांची असते. प्रेक्षकाला ती दिसता कामा नये आणि घाईत आलेल्या नटाला ती चुकता कामा नये. ती चिकटवतो संस्थेतला सगळ्यांत नवा मुलगा. तो आलेला असतो नाटकात काम करायला. ‘आधी प्रॉपर्टी बघ, मग बघू’ असं सांगून त्याला नाटकातल्या वस्तू सांभाळायला विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या कडेला पडद्याआड, पाठवलेलं असतं.

फुली माणसासाठी. टेबलखुर्चीसाठी काटकोन, आणि तोही फक्त मागच्या दोन पायांना. पुढच्या पायांना केला तर पहिल्या रांगेतली पोरं नाटक सोडून पट्ट्या मोजत बसतात. पहिल्या अंकाला पांढरी पट्टी, दुसऱ्याला पिवळी. लाल वापरायची नाही, कारण निळ्या प्रकाशात लाल रंग काळा दिसतो आणि नेमका रात्रीच्या प्रवेशात खुणेचा पत्ता लागत नाही. अंधारात जागा बदलायची असेल तर चमकणारी पट्टी. तिला सगळे ‘रेडियम’ म्हणतात, रेडियम तिच्यात औषधालाही नसतं. ती आधी उजेड पिते, मगच चमकते. म्हणून अंक सुरू होण्याआधी तिच्यावर मिनिटभर टॉर्च धरावा लागतो. तो विसरला की ब्लॅकआऊटमध्ये सोफा आणि नट यांची गाठ पडते.

कोकणात या पट्टीचे हाल जास्त. बंदिस्त नाट्यगृहात, रत्नागिरीला किंवा मालवणला, फारसा प्रश्न येत नाही. जमीन कोरड्या फडक्याने पुसली आणि कडा नखाने दाबल्या की दोन अंक निघतात. पण गावातला उत्सवी प्रयोग उघड्या मांडवात असतो. हिवाळ्यात मध्यरात्रीनंतर दंव पडायला लागलं की पट्टी कडेने उचलते आणि तिसऱ्या अंकात नायिकेच्या पदराला चिकटून आत जाते. सारवलेल्या जमिनीवर तर ती धरतच नाही. तिथे चुन्याचा ठिपका देतात, नाहीतर सोड्याच्या बाटलीचं बूच खिळ्याने ठोकतात. बूच पालथं, म्हणजे दातेरी कडा खाली जाईल असं ठोकायचं. उताणं राहिलं तर अनवाणी ऋषींचा पाय कापतो.

विंगेतल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर प्रत्येक वस्तूभोवती पेनने रेघ मारलेली असते. चष्मा, पत्र, पाकीट, पिस्तूल. एखादी आकृती रिकामी दिसली की ती वस्तू एकतर रंगमंचावर आहे किंवा कुणाच्या तरी खिशात घरी गेली आहे. काडेपेट्या दोन लागतात, त्याही प्लॅस्टिकच्या पिशवीत. खाऱ्या दमट हवेत गूल मऊ पडतं आणि खलनायक चार काड्या मोडून शेवटी विडी न पेटवताच धूर सोडतो. दारू म्हणून कोरा चहा, तोही गार. गरम दिला तर पेल्यातून वाफ निघते आणि मागून कुणीतरी ‘फुंकून पी’ असं ओरडतो.

प्रॉपर्टीनंतर प्रॉम्प्टिंग, म्हणजे विसरलेल्या नटाला विंगेतून हळूच शब्द पुरवणं. ही खरी शाळा, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रॉम्प्टरने वाक्य द्यायचं नसतं, पहिला शब्द द्यायचा असतो. आणि त्याआधी ओळखायचं असतं की हा पॉझ आहे की विसर. पॉझमध्ये नट समोरच्या पात्राकडे बघतो, विसरल्यावर त्याची नजर कुठेच नसते. हे कळायला तीसेक तालमी जातात. तोवर पोराला सगळ्यांची भाषणं पाठ झालेली असतात. मग प्रयोगाच्या दुपारी कुणाला ताप भरतो, कुणाची गाडी घाटात अडकते, आणि दिग्दर्शक वहीवरून मान वर करून विंगेकडे बघतो.

बदली कलाकाराला शब्द येतात, हालचाली येतात, हशा कुठे पडतो आणि किती थांबायचं हेही येतं. गोची होते ती हातांची. विंगेत हातात कायम काहीतरी असायचं, इथे ते रिकामे लोंबतात. दुसरी गोची आवाजाची, कारण इतके दिवस कुजबुजण्याचीच सवय. तिसरी सगळ्यांत वाईट. स्वतः चिकटवलेली फुली तो खाली बघून शोधतो.

‘अरे, खाली काय बघतंस? थंय काय पैशे पडलेहत?’

उपाय साधा आहे. फुलीवर उभं राहून उलटं चालत एन्ट्रीपर्यंत पावलं मोजायची. सात असतील तर सात. बाकीचं काम गालाने करायचं. हजार वॉटच्या हॅलोजनखाली योग्य जागी आलात की गाल तापतो. आता एलईडी आले, त्यांना ती ऊब नाही. त्यामुळे नवी मुलं उजेडाच्या कडेला अर्धा चेहरा काळोखात ठेवून तळमळीने बोलत असतात.

दशावताराला हे सगळं लागत नाही. लिहिलेली संहिता नाही, प्रॉम्प्टर नाही, नेपथ्य म्हणजे एक लाकडी बाकडं. तेच सिंहासन, तोच डोंगर. नट आपला चेहरा आपण रंगवतो, आपली पेटी आपण उचलतो. तिथे बॅकस्टेज वेगळं काढताच येत नाही. जत्रेच्या गर्दीवरून, पखवाजावरून आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचवायचा हीच तालीम.

तोच आवाज कॅमेऱ्यासमोर जड जातो. २०१६ पासून सिंधुदुर्गातल्या आकेरीच्या वाड्यात ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेचं चित्रीकरण झालं, तेव्हा रंगमंचावरचे बरेच स्थानिक चेहरे घरोघरी पोचले. मालिकेत माइक छातीवर असतो. मागच्या रांगेसाठी लावलेला आवाज त्याला सोसत नाही. भुवई उचलली तरी ओरडल्यासारखी दिसते. ही सवय मोडायला वेळ लागतो.

पण फुली तिथेही असते. आता ती चिकटवतो दुसराच कुणी पोरगा. क्लोजअपला फोकस कधी कधी काही सेंटिमीटरचाच मिळतो. नट वीतभर पुढे झुकला की चेहरा धूसर आणि पुन्हा टेक. जांभ्याच्या अंगणात पट्टी धुळीने सुटते, समुद्रावर तर वाळूच असते. मग वाळूची छोटी पिशवी ठेवतात, चालत येताना ती अंगठ्याला लागते आणि नट थांबतो. कप कोणत्या हातात होता, कोणत्या शब्दावर ओठांना लागला, चहा किती उरला होता, हे प्रत्येक टेकला तसंच यावं लागतं. वर्तमानपत्रावर चष्म्याभोवती रेघ मारलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. विंग न बघता थेट कॅमेऱ्यासमोर आलेल्याला दर वेळी सांगावं लागतं, आणि कंटिन्युइटी सांभाळणाऱ्या मुलीचा घसा बसतो.

काम संपलं की फुली काढायची असते. खस्सकन ओढली तर पट्टी येते आणि डिंक जमिनीलाच राहतो, वर धूळ बसून काळी फुली तयार होते. पट्टी आडवी, जमिनीलगत, हळू सोलायची. तरी राहिलाच डिंक, तर खोबरेल तेलाचा बोळा दहा मिनिटं ठेवायचा. रंगपटात तोंडावरचा रंग उतरवायला तीच बाटली फिरत असते, तेव्हा आधी नटांचं होऊ द्यावं लागतं.