तुम्ही विचारलंत म्हणून: इथल्या लोकांना स्लेडचं एवढं काय आहे

पुण्याहून फोन आला की कोणी ना कोणी हे विचारतंच, की अगं तू तिकडे इंग्लंडमध्ये वुल्वरहॅम्प्टनला राहतेस, तिथली साठी ओलांडलेली माणसं त्या स्लेड बँडचं नाव निघालं की एवढी हळवी का होतात? बीटल्स कळतं, क्वीन कळतं, बोवीचंही समजू शकतो, पण आरशांची टोपी घालून घसा फोडून गाणारा तो नॉडी होल्डर, त्याचं एवढं काय? फोनवर हे धड सांगता येत नाही म्हणून आता लिहूनच टाकते.

आधी थोडक्यात. नॉडी होल्डर, डेव्ह हिल, जिम ली आणि डॉन पॉवेल, चौघंही याच पट्ट्यात वाढलेले, वॉलसॉल, बिल्स्टन, वुल्वरहॅम्प्टन. ब्लॅक कंट्री म्हणतात या भागाला, कोळसा आणि लोखंडाच्या कारखान्यांचा भाग. नॉडीचे वडील लोकांच्या खिडक्या पुसायचं काम करायचे. 1971 च्या नोव्हेंबरात यांचं पहिलं गाणं इथल्या रेकॉर्डखपाच्या यादीत नंबर वनला गेलं आणि 1973 संपेपर्यंत अशी सहा झाली, त्यातली तीन तर बाजारात आली त्याच आठवड्यात थेट पहिल्या नंबरवर. ग्लॅम रॉकचे दिवस होते ते, उंच टाचांचे बूट, चमचमते कपडे, आणि त्यातही डेव्ह हिलचे कपडे म्हणजे विचारूच नका.

आता मुद्द्यावर येते. इथे कोणालाही विचारा, स्लेडचा शो कसा असायचा हो, तर उत्तर 'आम्ही'पासून सुरू होतं. आम्ही पाय आपटले, आम्ही टाळ्या वाजवल्या, आमचा आवाज दुसऱ्या दिवशी बसला होता. बाकीच्या बँडचे फॅन स्टेजवर काय झालं ते सांगतात, हे लोक खाली काय झालं ते सांगतात. कीर्तनात बुवा ओळ टाकतात आणि टाळकरी ती उचलून धरतात ना, नॉडीचं तसंच होतं, त्याची ओळ अर्धी त्याची आणि अर्धी हॉलची. त्याच्या त्या टोपीचंसुद्धा तेच, टोपीवर गोल गोल आरसे, अंधारात स्पॉटलाइट पडला की उजेडाचे कवडसे सगळ्या पब्लिकवर फिरायचे. मला विचाराल तर सगळं प्रेम या एका गोष्टीत आहे, या माणसानं स्टेजवरचा उजेड खाली बसलेल्यांच्या अंगावर पाडला.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे या पिढीचे गुडघे माझ्याकडे असतात. एक आजी यायच्या, नवीन गुडघा बसवलेला, टाच टेकवून पाय उचलायचा व्यायाम त्यांना अजिबात आवडायचा नाही, दोनदा केला की पुरे म्हणायच्या. एकदा मी मोबाइलवर स्लेड लावलं आणि काय सांगू, त्या ठेक्यावर टाच आपोआप पडायला लागली, धप धप धप, चेहरा लाल, आणि मग आठवणी सुरू. शाळेत असताना त्यांनी आणि त्यांच्या भावानं पुठ्ठ्याची उंच टोपी केली होती, स्वयंपाकघरातली फॉइल वाटी ठेवून गोल गोल कापून त्यावर चिकटवली, शोला जाताना पाऊस लागला आणि खळ ओली होऊन निम्मे आरसे बसमध्येच गळाले. हे सांगताना त्या हातानं वाटीचा गोल दाखवत होत्या, एवढा, एवढा.

गाण्यांच्या नावांची स्पेलिंगं मुद्दाम चुकीची असायची, इथल्या बोलीत जसं कानावर पडतं तशीच लिहिलेली, आणि त्यावर तेव्हा मास्तर लोक जाम वैतागायचे. पोरांना मात्र वाटायचं की हे आपल्यासारखं लिहितात म्हणजे हे आपलेच.

'स्लेड अलाइव्ह' नावाची त्यांची लाइव्ह रेकॉर्ड आहे, ऑक्टोबर 1971 मध्ये लंडनला पिकॅडिलीच्या एका स्टुडिओत फॅन लोकांना समोर बसवून केलेली. त्यात एक संथ, हळवं गाणं आहे, लव्हिन स्पूनफुल या बँडचं मूळ, आणि ऐन शांत जागेत नॉडीनं माइकमध्ये चक्क ढेकर दिलाय. तो काढून टाकला नाही, तसाच ठेवला. पुढे तर त्या जागेवर पब्लिक ढेकराची वाट बघायला लागलं! मला हे फार आवडतं, कारण इतकं सुंदर गातो तो त्यात, आणि तरी आपल्याच घरातला वाटतो.

पण इथली माणसं ज्या गोष्टीला गप्प होतात ती वेगळी. 1 जुलै 1973 ला लंडनच्या अर्ल्स कोर्टमध्ये त्यांचा प्रचंड मोठा शो झाला, टोप्या घातलेली, चमकी लावलेली पोरं नुसती लोटली होती, आणि त्यानंतर तीनच दिवसांनी इथे वुल्वरहॅम्प्टनमध्ये त्यांचा ड्रमर डॉन पॉवेल याच्या गाडीला अपघात झाला. त्याची होणारी बायको गेली. तो स्वतः कित्येक दिवस बेशुद्ध, शुद्धीवर आला तर चव नाही, वास नाही, आणि नुकतंच घडलेलं काही लक्षात राहीना. डोक्याला मार लागलेले पेशंट मी बघते, त्यामुळे त्यानंतर ड्रमवर बसणं म्हणजे काय हे मला समजतं. त्यांनी त्याच्या जागी कायमचा दुसरा ड्रमर घेतला नाही हो. गाणं कसं सुरू होतं हेच त्याला आठवायचं नाही, मग स्टेजवरच जिम ली त्याला सांगायचा आणि मग तो वाजवायचा. त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कला त्यांनी 'मेरी ख्रिसमस एव्हरीबडी' रेकॉर्ड केलं, ऐन उकाड्यात नाताळचं गाणं, कोरससाठी घुमारा हवा म्हणून सगळे कॉरिडॉरमध्ये उभे राहून ओरडतायत, आणि ड्रमवर हाच डॉन. डिसेंबरात ते नंबर वन झालं. तेव्हा इंग्लंडमध्ये विजेची टंचाई, कारखाने आठवड्यात तीनच दिवस चालवायचे अशी वेळ आलेली, आणि रेडिओवर हे गाणं. आजही नोव्हेंबर लागला की सुपरमार्केटमध्ये सुरू होतं, नवीन आलेल्या लोकांना कंटाळा येतो, मला नाही येत, मला डॉन पॉवेल आठवतो.

मधे पडता काळही आला, अमेरिकेत जाऊन काही जमलं नाही, परत आले तर इकडे पंक नावाचं नवं, रांगडं संगीत सुरू झालेलं, छोट्या छोट्या क्लबात वाजवत राहिले. मग 1980 च्या ऑगस्टमध्ये रेडिंगच्या मोठ्या रॉक फेस्टिव्हलला हेवी मेटलवाला गायक ऑझी ऑस्बोर्न येत नाही म्हणून ऐन वेळी यांना बोलावलं. डेव्ह हिल तर नकोच म्हणत होता. समोर सगळे हेवी मेटलवाले, आणि शेवटी त्याच मेटलवाल्यांनी भर उन्हाळ्यात नाताळच्या गाण्याची फर्माइश केली, तर नॉडी म्हणाला तुम्हीच गा, आणि अख्ख्या मैदानानं गायलं. तिथे हजर असलेले एक काका मला हे सांगताना मधेच थांबले, पाणी प्यायले, मग पुढचं सांगितलं.

नॉडीनं 1992 च्या सुमारास बँड सोडला. वॉलसॉलच्या आर्ट गॅलरीच्या लिफ्टमध्ये त्याचा आवाज बसवलाय, माणसं उगीच वरखाली करतात त्यासाठी. 2023 मध्ये त्याच्या बायकोनं सांगितलं की पाच वर्षांपूर्वी त्याला अन्ननलिकेचा कॅन्सर झाला होता, डॉक्टरांनी सहा महिने दिले होते, आणि तो त्यातून बरा होऊन पुन्हा गायलासुद्धा. ती बातमी आली त्या आठवड्यात माझ्याकडे येणारा प्रत्येक जण आधी नॉडीबद्दल बोलायचा, मग स्वतःच्या गुडघ्याबद्दल.

तर ऐकायचं असेल तर नाताळच्या गाण्यापासून नका सुरू करू, 'स्लेड अलाइव्ह' लावा, हेडफोन नको, स्पीकरवर, आवाज चांगला मोठा करून, आणि घरात कोणी वडीलधारं असेल तर त्यांनाही बसवा सोबत.